आडनावबंधूंची भिंत

आमचं आडनाव मी सांगणार नाही. सांगितलं की तुम्ही लगेच विचाराल, "म्हणजे ते न्यायमूर्ती तुमचे कोण?" नाहीतर, "ती गायिका तुमच्याच घरातली का हो?" या प्रश्नाचा मला इतका वीट आलाय की गिऱ्हाइकानं भिंतीकडे बघून नुसतं तोंड उघडलं तरी माझ्या कपाळाला आठ्या पडतात.

आमचं दुकान कुलपांचं. नवी कुलपं विकायची, अडलेली सोडवायची, हरवलेल्या किल्ल्यांच्या जागी दुसऱ्या कापून द्यायच्या. पुढे दुकान, मागे घर, मधे एक पडदा. दुकानात शिरलं की एका हाताला कुलपांची फळी, दुसऱ्या हाताला किल्ल्या कापायचं मशीन, आणि समोर गल्ल्याच्या वर ती भिंत. भिंतीवर फोटो. फोटोंत सगळी नामांकित माणसं, आणि झाडून सगळ्यांचं आडनाव आमचंच.

मधोमध न्यायमूर्ती, कोणीतरी आत्ताच त्यांचा चहा सांडलाय असा चेहरा करून. त्यांच्या एका बाजूला गायिका, दुसऱ्या बाजूला आरमारातले मोठे अधिकारी. छातीवर इतकी पदकं की हा माणूस पाण्यात पडला तर सरळ तळाला जाईल. खालच्या ओळीत धूमकेतू शोधून काढणारे म्हातारे शास्त्रज्ञ, समुद्र पोहून गेलेली बाई, डोळ्यांचे डॉक्टर. आणि अगदी कोपऱ्यात, छत्री अडकवायच्या खिळ्याशेजारी, फुटबॉलचा गोलकीपर. तो आधी वरच्या ओळीत होता. एका मॅचमध्ये त्यानं पाच गोल खाल्ले आणि आमच्या यांनी त्याची बदली केली.

यांतलं एकही माणूस आमचं कोणी लागत नाही. चुलत नाही, मावस नाही, ओढूनताणूनसुद्धा नाही. पेपरात आमचं आडनाव दिसलं आणि माणूस बऱ्यापैकी निघाला, की आमचे हे कात्री घेऊन बसतात. फोटो धड नसेल तर पेपरच्या कचेरीत जाऊन मागून आणतात.

आणि तरी हे खोटं बोलत नाहीत हं. ते त्यांना जमतच नाही, जीभ अडते. गिऱ्हाईक विचारतं, "हे तुमचे कोण?" हे हातातली कानस खाली ठेवतात, भिंतीकडे बघतात, जरासं हसतात आणि म्हणतात, "काय सांगायचं आता!" बस्स. पुढचं सगळं गिऱ्हाईक आपल्या मनानं जुळवून घेतं आणि घासाघीस न करता किल्ली घेऊन जातं. एकदा तर त्या समुद्र पोहणाऱ्या बाईंचा नवराच कपाटाची किल्ली करायला आला. बायकोचा फोटो बघून बिचारा गडबडला. म्हणाला, "अहो, ही इथं कशी?" यांनी त्यालाही तेच सांगितलं, "काय सांगायचं आता!" तो गृहस्थ ओशाळून गेला. आपल्याच घराण्यातली एक शाखा लग्नात बोलवायची राहून गेली, असं त्याला वाटलं असावं. जाताना दोनदा नमस्कार करून गेला.

न्यायमूर्तींना बढती मिळाली त्या दिवशी आमच्याकडे एका किल्लीवर दुसरी फुकट होती. धूमकेतूवाले वारले त्या दिवशी यांनी मशीन बंद ठेवलं. म्हणाले, आवाज बरा दिसत नाही. आणि त्या पाच गोलांच्या दिवशी तर हे जेवलेच नाहीत. मी म्हटलं, "अहो, त्याच्या आईनंसुद्धा जेवून घेतलं असेल." तर म्हणाले, "तुला नाही कळायचं. नावाचा प्रश्न आहे."

नावाचा प्रश्न कुठून आला ते मला चांगलं कळत होतं, म्हणून मी पुढे बोलले नाही.

खरोखर आमचं असं एकच माणूस पेपरात आलं होतं, आणि तेवढं भिंतीवर नव्हतं. यांचा धाकटा सख्खा भाऊ, माझे दीर. पेपरवाल्यांनी त्यांचं नाव 'फुंकर' ठेवलं होतं. तिजोरी बँकेतली असो की सोन्याच्या पेढीतली, हा माणूस नुसती फुंकर मारतो आणि दार उघडतं, असं छापून यायचं. शेवटी ते एका बँकेत सापडले आणि तुरुंगात गेले. आम्ही ते गाव सोडून इथं आलो. यांनी पेपर बंद केला. खटला कुठे चालला, कोणापुढे चालला, काही कानावर पडू दिलं नाही. मग बऱ्याच महिन्यांनी एके सकाळी पेपर पुन्हा सुरू झाला, आणि त्याच आठवड्यात भिंतीवर पहिला फोटो लागला. एका माणसानं घालवलेलं नाव परत आणायला यांनी एवढी माणसं गोळा केली. मला त्यांची कीव यायची आणि रागही यायचा. तुरुंगात भेटायला मी एकटीच जायची. हे दुकानातून हलायचे नाहीत. मात्र मी निघाले की माझ्या पिशवीत काहीतरी कोंबायचे, कधी चपला, कधी स्वेटर. कोणासाठी, ते बोलायचे नाहीत.

इथं कोणालाच काही माहीत नव्हतं. आमच्या समोर सोन्याचांदीची पेढी आहे, तिचे मालक सराफशेठ. त्यांच्याकडची सगळी कुलपं आमची आणि जास्तीच्या किल्ल्यांचा जुडगा आमच्या गल्ल्यात. गावातल्या बाकीच्या दुकानदारांनी आमच्यावर विश्वास ठेवला तो सराफशेठनी ठेवला म्हणून. ते एकदा म्हणाले होते, "काय हो, तो फुंकरही तुमच्याच आडनावाचा ना? बघा, एवढ्या थोर घराण्याचं नाव कसले कसले लोक लावतात!" यांनी कानस खाली ठेवली, पण हसू काही आलं नाही.

तर असे आमचे दीर शिक्षा संपवून एका दुपारी दुकानाच्या दारात येऊन उभे राहिले. हातात कापडी पिशवी, केस पांढरे, अंगात यांनीच पाठवलेला स्वेटर. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून बरं. हे त्यांच्याकडे बघत राहिले. भाऊजींनी नजर चुकवून भिंतीकडे बघितलं, आणि दचकलेच.

"दादा, हे इथं काय करतायत?"

"कोण?"

"हे. मधले. यांनीच तर मला आत टाकलं."

मला वाटलं, आता हे खाली बसतात. पण यांच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला की विचारू नका. इतक्या वर्षांनी भावाला पहिला प्रश्न काय विचारावा या माणसानं? "म्हणजे तू बोललायस त्यांच्याशी? स्वभावाला कसे आहेत?"

"बरे वाटले," भाऊजी म्हणाले. "माझं आडनाव वाचलं तेव्हा जरा थांबले. चष्मा काढून पुसला. परत वाचलं. मग दोन वर्षं जास्त दिली."

"बरोबर आहे," हे मान हलवत म्हणाले. "घरच्या माणसानंच रागवायचं असतं."

मी भाऊजींना पडद्याच्या आत नेलं, जेवायला वाढलं. जेवता जेवता त्यांनी खरी अडचण सांगितली. सुटताना त्यांना बजावलं होतं की राहायचं तर रक्ताच्या नातलगाकडे. सोमवारी इथल्या ठाण्याचे फौजदार येणार, आणि नातलगानं त्यांच्या तोंडावर सांगायचं की हा माझा आहे, माझ्याकडे राहील. नातलगानं नाही म्हटलं तर त्यांची रवानगी सरकारी निवाऱ्यात, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथं शंभर माणसं एका छपराखाली झोपतात म्हणे. "दादाला जमत नसेल तर मी समजू शकतो, वहिनी," ते म्हणाले, आणि ताटातला शेवटचा घास बराच वेळ फिरवत बसले.

सोमवार यायला अजून काही दिवस होते. तोवर यांनी भाऊजींना दुकानात मशीनपाशी बसवलं. गिऱ्हाइकं विचारायची, "हे कोण नवीन?" आणि आमचे हे, तेच शब्द, पण आता खाली मान घालून, "काय सांगायचं आता!" भिंतीवरची परकी माणसं मिरवायला वापरायचे ते शब्द आता सख्खा भाऊ लपवायला कामी आले. गिऱ्हाइकांनी मनानं जुळवलं की हा कोणीतरी गरजू कारागीर आहे, यांनी दया म्हणून ठेवलाय. एका बाईंनी तर यांच्या मोठ्या मनाचं कौतुक केलं. मी पडद्याआड होते, म्हणून वाचल्या.

बरं, कारागीर म्हणावं तर भाऊजींनी कापलेली किल्ली कुलपात जायची नाही. गेली तर फिरायची नाही. फिरली तर बाहेर यायची नाही. गिऱ्हाईक परत यायचं, हे मुकाट्यानं किल्ली हातातून घ्यायचे आणि कानशीनं घासून नीट करून द्यायचे. मी एकदा हळूच म्हटलं, "अहो, यांनी एवढ्या तिजोऱ्या उघडल्या कशा?" तर माझ्यावर खेकसले, "इतकी वर्षं हात चाललेला नाही! तू तुझं बघ!"

रविवारी सकाळी हे नेहमीप्रमाणे स्टुलावर चढून फोटो पुसत होते. माझ्या डोक्यात सकाळपासून ठिणग्या उडत होत्याच. मी खाली उभी राहून विचारलं, "उद्या काय सांगणार आहात फौजदारांना?"

"बघू."

"बघू काय बघू? त्या धूमकेतूवाल्यांच्या नातवाला बक्षीस मिळालं तर तुम्ही अख्ख्या गल्लीला सांगत सुटता. आणि सख्खा भाऊ घरात आलाय त्याचं नाव घ्यायला जीभ रेटत नाही तुमची?"

"अगं, सराफशेठनी किल्ल्या परत नेल्या तर उद्यापासून कोण येईल दुकानात? फुंकरच्या भावाकडून कुलूप कोण घेईल? मी चुकीचं बोलतोय का, सांग." एवढं बोलून त्यांनी गायिकेच्या नाकावरून फडकं फिरवलं.

चुकीचं बोलत नव्हते, हाच तर वैताग होता. कुलपाचं दुकान म्हणजे सगळा विश्वासावर कारभार. पण भाऊजी पडद्यामागे होते आणि पडदा काही भिंत नव्हे. आतून पिशवी आवरल्याचा आवाज आला तेव्हा मी यांच्या पायाखालचं स्टूल ओढणारच होते. देवानं सद्बुद्धी दिली.

सोमवारी फौजदार आले. वयानं उतरणीला लागलेले, पोट सुटलेलं, बगलेत फाइल. बाहेर उभ्या केलेल्या गाडीकडे लोक बघायला लागले, तसं यांनी उठून शटर निम्म्यावर ओढलं. भाऊजी मशीनपाशी उभे राहिले, पिशवी पायाशी. मी पडदा बाजूला करून मधेच थांबले. माझ्या मनात होतं की यांच्या आधी आपणच सांगून टाकावं. पण फौजदारांनी हात वर केला. "बाई, तुम्ही नको. दुकानावर पाटी कोणाच्या नावाची? त्यांनी बोलायचं."

एवढ्यात शटरखालून वाकून कोण आत यावं? सराफशेठ. दारात पोलिसांची गाडी, शटर अर्धं खाली. त्यांचा जीव आपल्या किल्ल्यांपाशी धावला असणार. "काय हो, चोरीबिरी झाली की काय?"

"तसं काही नाही, शेठ," फौजदार म्हणाले, "एक साधी चौकशी आहे." आणि यांच्याकडे वळले. "हा माणूस तुमचा कोण?"

"काय सांगायचं आता," हे म्हणाले.

"जे आहे ते सांगायचं. आडनाव एकच दिसतंय दोघांचं, म्हणून विचारतो."

हे एकदा भाऊजींकडे बघत होते, एकदा सराफशेठकडे. मी आयुष्यात या माणसाला इतकं घामाघूम झालेलं बघितलं नाही. शेवटी म्हणाले, "आडनाव एक असलं म्हणून काय झालं, साहेब? आडनावाची माणसं ढिगानं असतात. त्यात नातं कुठे असतं?"

सराफशेठनी भिंतीकडे बघितलं. न्यायमूर्तींपासून सुरुवात करून ते सावकाश कोपऱ्यातल्या गोलकीपरपर्यंत गेले आणि परत वर आले. "नसतं?" त्यांनी विचारलं. "मग हे सगळे?"

 इतक्या वर्षांत हे जे एकदाही बोलले नव्हते ते आपल्याच तोंडानं बोलून बसले होते, आणि तेही सराफशेठपुढे. मला त्या क्षणी खरंतर हसायला यायला हवं होतं, पण तिकडे भाऊजी वाकून पिशवी उचलत होते. त्यांनी दादाकडे बघितलंही नाही. गाल आत ओढून बंद मशीनच्या दिशेनं, म्हणजे कुठेच नाही, असे बघत होते. 

"मग ठीक आहे," फौजदार फाइल चाळत म्हणाले. यांचा पडलेला चेहरा बघून त्यांना बहुतेक दया आली, म्हणून समजूत घातल्यासारखं बोलायला लागले. "एका परीनं बरंच झालं तुमचं. एवढी मोठी माणसं भिंतीवर, आणि त्यांत हा कशाला? अहो, चोर म्हणूनसुद्धा हा काही फार नव्हता. फुंकर-बिंकर सगळं पेपरवाल्यांचं. पहिल्या बँकेत कारकून तिजोरी लावायला विसरला होता. नोकरी जाईल म्हणून त्यानं सांगितलं, चोरानं उघडली. पेढीतही तसंच. तिसरी तेवढी खरोखर बंद होती, आणि तिथंच हा सापडला. सकाळी शिपाई आला तर हा तिजोरीला टेकून झोपलेला!"

सराफशेठचा चेहरा एकदम सैलावला. "म्हणजे याला तिजोरी उघडता येत नाही?"

"तिजोरी? याला डबा उघडता आला तर मला बोलवा."

"मग काही हरकत नाही," सराफशेठ म्हणाले. "राहिला इथं तरी काय बिघडतंय?"

खरं सांगते, माझ्या जिवात जीव आला. दोघंही आमच्याच फायद्याचं बोलत होते. भाऊजी राहिले असते, किल्ल्या राहिल्या असत्या, दुकान राहिलं असतं. यांनी फक्त 'हो, भाऊ आहे' एवढं म्हणून गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात तर त्यांचा हातखंडा. पण मी बघितलं तर यांच्या मानेची शीर टरारून फुगली होती.

"कोण म्हणतं फार नव्हता?"

"अहो," मी म्हटलं.

"नाही, कोण म्हणतं? सगळ्या पेपरांत पहिल्या पानावर होता तो! पहिल्या पानावर! हे न्यायमूर्ती कधी आले पहिल्या पानावर? आतल्या पानात, तेही खाली, खोकल्याच्या औषधाशेजारी!"

"तो कारकून विसरला होता म्हणून," फौजदार म्हणाले.

"कारकून काहीही सांगेल! सात लिव्हरचं कुलूप डोळे मिटून उघडायचा हा!"

"मग झोपला कसा?"

"एवढं कष्टाचं काम केल्यावर माणूस झोपणार नाही? आणि फार नव्हता, तर न्यायमूर्तींनी दोन वर्षं जास्त कशाला दिली? उगाच?" मी यांची बाही ओढत होते, यांनी माझा हात झटकला. "याला डबा उघडता येत नाही म्हणता? मी शिकवलंय याला! मी! आमच्या वडिलांच्या बाकावर शेजारी बसवून, हातात कानस देऊन शिकवलंय! माझा सख्खा भाऊ आहे तो! माझ्या पाठचा!"

 

फौजदारांनी फाइल मिटली. "म्हणजे तिजोऱ्या फोडायला तुम्ही शिकवलंत?"

आता मात्र यांना आपण काय बोललो ते कळलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी वर भिंतीकडे बघितलं, कारण तिथं तरी एक न्यायाधीश होता.

"हे मी लिहीत नाही," फौजदार शेवटी म्हणाले. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हलत होतं, हसू होतं की खोकला ते कळलं नाही. "सख्खा भाऊ, इथं राहणार, एवढंच लिहितो. आणि आजोबा, यापुढे शिकवण्या बंद." आमच्या यांना कोणी आजोबा म्हटलेलं खपत नाही, पण त्या दिवशी खपलं.

सराफशेठ गल्ल्यापाशी गेले. त्यांना काही मागावं लागलं नाही. यांनी स्वतःच खण उघडून जुडगा काढला आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे ठेवला. शेठनी तो उचलला, खिशात घातला. वाईट माणूस नाहीत ते. जाताना म्हणाले, "डोळे मिटून उघडतो म्हणालात, तिथं माझा नाइलाज झाला हो." आणि शटरखालून वाकून निघून गेले. त्यांच्या मागोमाग फौजदारही गेले.

हे स्टुलावर बसले. भाऊजी अजून पिशवी हातात धरूनच उभे होते. 

"दादा," ते म्हणाले, "साहेब खरं बोलत होते रे. उघड्याच होत्या दोन्ही. मला त्यातलं काही येत नाही."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे?"

"मी शेजारी बसवून शिकवलं ना तुला? दोन वर्षं शिकवलं. तुझ्याच्यानं साधं पेटीचं कुलूप निघेना. बाबा रागावतील म्हणून मीच उघडून तुझ्या हातात द्यायचो आणि सांगायचो, यानं उघडलं."

"मग आत्ता एवढं कशाला बोललास? शेठ गेले ना."

"मग काय करू?" हे ओरडले, पण आवाज मधेच फुटला. "चारचौघांत तुला काही येत नाही म्हणतोय तो. माझ्यासमोर! मी ऐकून घेऊ?"

भाऊजींच्या हातातली पिशवी खाली पडली. त्यांनी तोंड फिरवून मशीनवर हात ठेवला आणि पोरासारखे हमसून रडले. मी पदर डोळ्यांना लावला आणि यांच्यावर मनातल्या मनात केलेले सगळे आरोप मागे घेतले, निदान त्या दिवसापुरते. सराफशेठ गेले होते, त्यांच्या मागून अर्धी बाजारपेठ जाणार हे मला दिसत होतं. उद्या काय खायचं हा विचार मी उद्यावर टाकला.

यांनी उपरण्यानं नाक पुसलं, दोनदा खाकरले आणि नेहमीच्या चिडक्या आवाजात म्हणाले, "आता रडत काय उभा राहिलास? ते शटर वर कर आधी. पूर्ण वर कर. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू दे, आपल्याकडे कोण आलंय ते."

भाऊजींनी डोळे पुसले, शटरला हात घातला, जोर लावला. ते जागचं हललं नाही. पुन्हा लावला, तर एका बाजूनं वर गेलं आणि दुसऱ्या बाजूनं अडकून बसलं.

हे उठले, त्यांच्याशेजारी जाऊन उभे राहिले आणि आपला हात लावला.